पिंटोपुढे कोणता डाव मांडावा

६ नोव्हेंबर ५७, बुध.
बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस कारखानीस यांनी आज तोंडावर सांगितले. संघातली चौथी जागा या खेपेस आपोआप मिळणार नाही. मंडळातल्याच पिंटोशी दोन डाव. दोहोंत मिळून एक गुण काढला तर जागा माझी, नाहीतर ते दुसरा बघणार. म्हणजे एक जिंका, किंवा दोन्ही बरोबरीत सोडवा. संघ निघाल्यापासून त्या खुर्चीवर मी बसतो आहे.
"मनाला लावून घेऊ नका, परब."
लावून घेतले आहे. पिंटोशी माझी आजवर बरोबरीसुद्धा झालेली नाही.

८ नोव्हें., शुक्र.
पहिल्या डावात पांढरी माझी. गिरणीतून आल्यावर पटावर बसलो. वजिराच्या बाजूने सावकाश जावे, तर पिंटोला ते घरचे जेवण. प्यादे बळी देऊन अंगावर जावे, तर माझे प्यादे जाते आणि तो अंगावर येऊ देत नाही. उरले काय? वजिरावजिरी करून दोन्ही वजीर पटावरून घालवायचे आणि चिवटपणे पडून राहायचे. भिकार खेळ. पण आशा असली तर तिथेच.
परळच्या चाळींत देशी बुद्धिबळात मला कोणी हरवीत नसे. विलायती नियम चाळिशीत शिकलो, एकट्याने, एका फाटक्या पुस्तकावरून. देशीत प्यादे एकच घर चालते; पहिल्याच चालीत दोन घरे टाकताना अजून चोरी केल्यासारखे वाटते.

१३ नोव्हें., बुध.
शेजारच्या तावडेबरोबर सराव. वजिरावजिरी. मग काहीच नाही. तावडे कंटाळला.
"परब, खेळतोस की वरण ढवळतोस?"
अर्धा डाव टाकून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेला. जाताना म्हणे, "मी मुंबई मिळते का बघतो, तू तुझी बरोबरी बघ."
ही आतून: "जेवान निवला. त्या घोड्यांका पण वाढू काय?"

१७ नोव्हें., रवि.
हरलो.
गिरगावात मंडळाच्या खोलीत सभेचे फलक रंगवणे चालू, टेबलांना ओला रंग. खिडकीशी बसलो. वजीर ठरल्याप्रमाणे लवकर गेले. पिंटोने मान हलवली, म्हणजे त्याला आवडले नाही. डाव समसमान होता. खरोखर होता.
मग त्याचे हत्ती मधल्या पट्टीवर येऊ लागले. माझा राजा घरातच. उंट न हलल्यामुळे किल्लेकोट अडलेला. तरी मी निर्धास्त. का निर्धास्त, ते मला त्या वेळी कळले नाही. राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे नेऊन ठेवला.
देशीत शह बसला नसेल तर राजाला अशी एक उडी असते. सगळा डाव मी तिच्या भरवशावर खेळत होतो.
पिंटो हळूच म्हणाला, "अण्णा, तो गावचा कायदा. ठेवा परत, दुसरं काही खेळा. मी बघितलंच नाही."
कारखानीसांनी बघितले होते. आणि नसते बघितले तरी काय? हात लावला तो मोहरा हलवायचा. राजाला एकच घर मोकळे होते. तिथे गेलो. त्याच्या उंटाचा शह, राजामागचा माझा हत्ती गेला.
फलक रंगवणारा एक जण हसला. कशाला हसला कोण जाणे.

१८ नोव्हें., सोम.
तावडे म्हणतो, त्याने देऊ केलेली चाल घ्यायची होतीस. "पिंटो काय परका आहे? खोताच्या वाडीतलाच ना?"
त्याला समजणार नाही. समजावलेही नाही.

२१ नोव्हें., गुरु.
रविवारी दुसरा डाव, काळी माझी. बरोबरीने आता भागत नाही, जिंकायलाच हवे. आणि माझी सारी तयारी न हरण्याची. जिंकण्यासाठी काय मांडतात, ते पुस्तकात आहे, पाठ आहे. पाठ असून पिंटोपुढे दहा चाली टिकत नाही. आज तीन वेगवेगळे बचाव लावून पाहिले. तिन्हींत पिंटोच्या बाजूने मीच मला हरवले. त्याच्या बाजूने मी बरा खेळतो.

२३ नोव्हें., शनि.
कारखानीस गिरगाव नाक्यावर भेटले. "उद्या नाही आलात तरी चालेल. तब्येतीचं म्हणून लिहून ठेवतो." चांगल्या मनाने म्हणाले. तेच लागले.
घरी पट मांडून काळ्याच्या बाजूला बसलो आहे. देवाणघेवाण टाळायची, डाव चिघळवायचा, एवढे पटते. असे चिघळलेले डाव पिंटो हसत हसत खेळतो, हेही दिसते.
ही विचारते, "जातालात मां उद्या?"
जाणार. पांढरा शर्ट काढून ठेवायला सांगितला आहे. काय खेळणार, ते अजून ठरलेले नाही.