शिट्टी थांबली तेव्हा

प्रिय अबोली,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तू कपाळाला हात लावला असशील. इतक्या वर्षांनी याला काय सुचलं? घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. डोक्यावरच्या केसांनी तेवढा निरोप घेतलाय.

आपली लेक श्वास घेताना बारीक वाजायची, म्हणून आपण कौतुकानं तिला शिट्टी म्हणायचो. तिची श्वासनळीच मऊ आहे, श्वासासरशी चिमटते, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपण त्या आवाजावर खूश होतो. पहिला वाढदिवस यायच्या आधीच ती गेली. मग घर मोडलं, तू तुझ्या वाटेनं गेलीस. आवाज मात्र माझ्याच पदरात राहिला. नळात, दाराच्या फटीत, कुठेही वाजायचा. एकदा तर मी प्रयोगशाळेतलं एकेक यंत्र बंद करत सुटलो. सोबत काम करणारी केमिस्ट म्हणाली, "सर, सगळं केव्हाच बंद झालंय. तुम्ही शोधताय तरी काय?"

मी हल्ली काय करतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पाण्यात टाकले की टम्म फुगणारे खेळण्यातले मणी असतात ना, त्या जातीचं जेल आम्ही थ्रीडी प्रिंटरनं थरावर थर देत छापतो. बाहेर येते एक सपाट, लिबलिबीत पट्टी. कोमट पाण्यात सोडली की तिचा एक थर जास्त फुगतो, दुसरा कमी, आणि ती आपणहून वळून नळी होते. अशी पट्टी बाळाच्या श्वासनळीला बाहेरून कवेत घेते, तिला आत चिमटू देत नाही. मूल वाढेल तशी सैल होते आणि काम झालं की विरघळून जाते. काचेच्या वाडग्यात ती पहिल्यांदा वळली तेव्हा मी तिच्यात बोट घातलं. झोपेत शिट्टीची मूठ माझ्या बोटाभोवती अशीच मिटायची. पुढे कितीतरी पट्ट्या फाटल्या, काही भलतीकडेच वळल्या. दर वेळी मी पाण्यात बोट घालून बसायचो. वेडा म्हण हवं तर.

गेल्या महिन्यात एका बाळाला ती पट्टी बसवली. आदल्या दिवशी मी त्या मुलीला पाहून आलो होतो. तिचाही श्वास वाजत होता, अगदी तसाच. ऑपरेशननंतर तिच्या घशातली कृत्रिम श्वासाची नळी काढताना सर्जनबाईंनी मला आत बोलावलं. नळी निघाली आणि खोली एकदम शांत झाली. अबोली, ती शांतता आपण दोघांनी एकदा ऐकलीय. भिंतीला टेकून मी ओरडलो, "अहो, काहीतरी करा!" बाईंनी माझा हात धरून बाळाच्या छातीवर ठेवला. म्हणाल्या, "श्वास मोकळा चाललाय, म्हणून वाजत नाहीये." हाताखाली छाती वर-खाली होत होती.

त्या दिवसापासून माझ्याही कानातला आवाज गेलाय. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी मात्र घरातले नळ उघडून ऐकत बसतो.

आता खरं कारण लिहितो. त्या बाळाची आई शिवणकाम करते. घरी जाताना तिनं विचारलं, "तुम्हाला मुलं?" मी म्हणून गेलो, "आहे ना, एक मुलगी." 'होती' म्हणायला जीभच रेटेना. काल तिचा फोन आला. तपासणीला येताना माझ्या मुलीसाठी फ्रॉक शिवून आणायचाय, माप हवंय. खरं काय ते मी तिला सांगेन, तेवढी हिंमत गोळा करतोय. पण फोन ठेवल्यावर मी मापाचाच विचार करत राहिलो, आणि मला काही दिसेचना. माझी शिट्टी अजून तेवढीच आहे, कुशीत मावेल एवढी. तू मनात तिला वाढवलं असशील. कुठवर आलीय गं ती तुझ्या? खांद्यापर्यंत?

एवढ्या एका नात्यापुरता का होईना, तुझाच,
तिचा बाबा