दोन घरांत रिकामी

अकोला,
ता. ११ फेब्रुवारी २०२६

चि. योगेश यास अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल.

तुझे बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हाची एक सकाळ. पाणी तापलं होतं. बाबांना कुशीवर वळवून मी खालची चादर अर्धी काढली, ओल्या फडक्याने पाठ पुसली, पावडर लावली, धुतलेली चादर अर्धी सरकवली आणि मग त्यांना दुसऱ्या कुशीवर घेतलं. शौचाचं भांडं धुऊन आणलं. दाढी केली. ज्वारीची पेज गार करत चमच्याने भरवली आणि भरवता भरवता पेपरातल्या मोठ्या अक्षरांच्या बातम्या एकेक अक्षर लावत वाचल्या. मला वाचायला कोणी शिकवलं नाही. बाबांना पेपर लागायचा, म्हणून मी शिकले, मग लिहायलाही. तू दाराशी उभा होतास. आत न येता म्हणालास, "माय, चहा झाला काय वं?" त्या दिवशी विशेष काही घडलं नाही. तशा सकाळी कितीतरी झाल्या, त्यातली ही एक आठवते, इतकंच.

तेव्हा लोक तुला म्हणायचे, तुझी आई तुझ्या बापाची किती सेवा करते. तू मान हलवायचास.

बाबा गेल्यावरही मी पहाटे उठून पाणी तापवायची. पातेलं उकळायला लागलं की आठवायचं, आता आंघोळ कोणाला घालायची? गॅस बंद करून तिथेच बसायची. अजूनही एखाद्या सकाळी तसं होतं, पण आता त्या पाण्याला काम आहे. इथल्या भगवंतरावांची डावी बाजू लकव्याने गेलेली आहे. दीड वर्षापासून मी त्यांच्याच घरी राहून त्यांचं सगळं करते. त्यांच्या मुलाची बँकेत बदलीची नोकरी, सून पौर्णिमा शाळेत शिकवते. हे सगळं तुला ठाऊक आहे. तुझ्या घरावर स्लॅब टाकला तो कोणत्या कामाच्या पैशावर, तेही ठाऊक आहे.

म्हणून रविवारी फोनवर आपली सून दीपमाला हसत हसत जे बोलली, त्यात मला हसण्यासारखं काही सापडलं नाही. "आई, सर्वेवाली आली होती. घरात कोण कोण, कोण काय काम करते, सगळं इचारून गेली. तुमचं इचारलं तं यायनं सांगून टाकलं, माय काहीच करत नाही, देवाधर्माले गेली हाये."

सांगणारा तू, म्हणून मी फोन तुझ्याकडे द्यायला लावला.

"कायले तापून राहिली वं? सरकारच्या कागदानं का होते?"

"काही होत नाही तं खरं काहून नाही सांगतलं?"

"लोकाच्या बुढ्याचं गू-मूत काढते, असं सांगू का त्या पोरीले?"

आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. पत्र मध्येच ठेवता येतं, पण मी काय म्हणत होते ते त्यात तसंच राहतं.

आता इथलं ऐक. त्याच सर्व्हेची मुलगी मागच्या आठवड्यात ह्या घरी आली होती. आचल तिचं नाव. हातात टॅब. पौर्णिमाला सांगत होती, "मॅडम, आता नवीनच कामं निघाली ना, काही जुनी बदलली. सरकारच्या जुन्या यादीत ते बसत नाहीत. म्हणून कोण रोज नेमकं काय करते, ते नीट इचारून लिहायचं हाये."

मी भगवंतरावांना खुर्चीत बसवून त्यांच्या पायात मोजे घालत होते. आचलने माझ्याकडे बोट करून पौर्णिमाला विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या आत्या. घरच्याच आहेत."

"इथंच राहतात? सहा महिन्यांच्या वर?"

"हो."

"मग ह्याच घरात मोजते. काही काम करतात?"

"नाही, घरीच असतात."

भगवंतरावांची जीभ जड आहे, पण तेव्हा ते मला कळेल इतकं स्पष्ट बोलले. "मले बहीण नाई."

आचल हसली. पौर्णिमा म्हणाली, "बाबांचं असंच आहे, अर्धं विसरतात." म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. आचलने टॅबवर बोट फिरवलं आणि पुढच्या घरी गेली. जाताना फोन नंबर मात्र लिहून ठेवला, काही राहिलं तर सांगा म्हणून.

पौर्णिमा मला नंतर म्हणाली, "राग नका मानू मावशी. कामाला बाई ठेवली सांगितलं की उद्या कुठून काय चौकशी निघेल, उगाच कटकट." ती वाईट नाही. मला स्वतःच्या ताटातलं वाढते. पण नीट विचारायला आलेल्या मुलीने मलाच विचारलं नाही, आणि जिला विचारलं तिने मला आत्या करून टाकलं. तेव्हा मोजा अर्धा चढला होता, तो चढवत राहिले. मला वाटलं, असू दे, आपलं घर अमरावतीला आहे, तिथे आपला मुलगा बरोबर सांगेल.

दिवाळीला मी घरी आले होते, त्याचं लिहिणार नव्हते. पण त्याशिवाय हे पत्र खोटं होईल.

तिवस्याहून दीपमालाच्या माहेरची माणसं यायची होती. मी करंज्यांचं पीठ भिजवून मळायला घेतलं होतं. तू स्वयंपाकघरात आलास आणि म्हणालास, "राहू दे माय. त्या हातानं..." पुढे बोलला नाहीस. मी हात धुतले आणि मागे जाऊन बसले. थोड्या वेळाने तू ते पीठ फाटकाबाहेर गाईपुढे टाकताना मला दिसलास. ह्याच हातांनी तुझ्या बापाला शेवटचं पाणी पाजलं, योगेश. तेव्हा तू दारातच होतास. तेच अंग, तीच घाण, तेच फडकं. तुझ्या बापाचं केलं ती सेवा, दुसऱ्याच्या बापाचं केलं तर मी विटाळले? आणि कागदावर विचारलं की काहीच करत नाही?

माझा राग त्या कागदावर नाही. कागदाला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. एकाच बाईला दोन घरांत मोजलं, आणि दोन्ही घरच्यांनी तिला रिकामी सांगितलं. एका घरात परकी माणसं होती, त्यांचं मी समजू शकते.

अजून बरंच आहे, पण भगवंतरावांची जेवणाची वेळ झाली. उद्या पत्र टाकीन.

ता. १३

पत्र काल टाकलं नाही, कारण काल काय केलं ते तुला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. सकाळी भगवंतरावांची आंघोळ उरकली आणि आचलला फोन केला. दुपारी ती आली. पौर्णिमाला मी समोर बसायला लावलं आणि सांगितलं की मी ह्यांची आत्या नाही, म्हाताऱ्या आजारी माणसाला सांभाळते, पगार घेते, आणि हे माझं काम आहे. आचलने तसं लिहिलं. मी तिला वाचून दाखवायला लावलं. मग मी विचारलं, अमरावतीच्या घरातही माझं नाव चढलं आहे, त्याचं काय? ती म्हणाली, "काकू, एक माणूस एकाच घरात. तुमी सांगा, तिथल्या बाईले कळवून तिथलं नाव काढायले लावते." मी म्हटलं, काढ.

तुझी आई,
आशाबाई जानराव काळमेघ
मुक्काम अकोला