नऊ शेतांचे आकडे

प्रिय चिमणे,

फोनवर काही सांगायला जावं तर तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस आणि माझं तोंड बंद होतं, म्हणून लिहिते आहे. बाबा ठणठणीत आहेत. तू पाठवलेला उपग्रहाचा नकाशा ते दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना मोबाइलवर दाखवतात. आमची धाकटी आकाशातून गहू मोजते म्हणतात. थोरली काय करते, हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगायच्या भानगडीत पडत नाहीत.

मला तुझा हेवा वाटतो. वीस वर्षं मी चिखल तुडवते आहे. ऑफिसच्या यादीत त्या शेतापुढे जो आकडा येईल तेवढी पावलं कोपऱ्यापासून मोजायची, थांबू तिथे खुंट्या ठोकून दोरीचा चौकोन आखायचा, आतला गहू कापून, मळून तोलायचा. असं शेतामागून शेत केलं की कुठे पिकाचा अंदाज निघतो. तू मात्र गार खोलीत बसून हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांवरून तोच अंदाज जेवणाच्या सुट्टीआधी काढतेस. लहानपणी माझा जुना फ्रॉकसुद्धा तुलाच जास्त शोभायचा. हसू नकोस, माझ्या अजून डोक्यात आहे.

यंदा तुझा नकाशा मी कापलेल्या नऊ शेतांच्या आकड्यांशी ताडून बघणार, हे मला कापणी उरकल्यावर कळलं. तुझा आकडा हेक्टरी बावीस क्विंटल, माझा एकतीस. साहेबांनी कागद पुढे ठेवला तेव्हा मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

परवा तुझा फोन आला. ‘चूक माझ्याच गणितात असणार, कारण गहू ताईने तोललाय,’ असं ऑफिसात लिहून दिलंय म्हणालीस. सोमवारी नकाशाचं काम तुझ्याकडून काढून घेणार, हेही तू अगदी सहज सांगितलंस, आणि वर विचारलंस, गुडघ्याला शेक देतेस ना?

चिमणे, तुझ्या गणितात चूक नाही. नऊपैकी सात शेतांत माझी पावलं पाणी साचलेल्या खोलगट भागात जात होती. तिथला गहू टीचभर, पिवळा पडलेला. गुडघा ठणकत होता, म्हणून मी रस्त्याकडेच्या चांगल्या पिकात दोरी ताणली आणि कागदावर यादीतली पावलं लिहिली. तेवढा आळस एक वेळ पोटात घालशील. पण तुझ्या नकाशात ते सातही तुकडे पिवळे दिसत होते. मी ते ओळखले आणि तरी गप्प बसले. माझ्या साहेबांना आज लेखी कळवलं आहे, नोकरीचं व्हायचं ते होवो. हे पत्र सोमवारच्या आत तुझ्या साहेबांपुढे ठेव. बाबांना तू सांगू नकोस, मी सांगेन. हेवा अजून वाटतोच आहे. निदान या कागदावर तरी खोटं लिहीत नाही.

तुझीच,
ताई