नऊ तासांवरचा मुलगा

चि. धाकट्या,

तुला, सूनबाईला व मुलांना आशीर्वाद. आईच्या पायांवर माझ्याही वाटचं डोकं ठेव.

मी बरा आहे. लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करतो, त्यामुळे थंडी जाणवत नाही. सकाळी खोलीत उदबत्ती लावतो. शेजारच्या पलंगावरचा सुतार म्हणायचा, "काका, एवढ्याशा खोलीत देवालाही ठसका लागेल." तो गावी गेल्यापासून तेवढंही कोणी बोलत नाही.

आई सगळ्यांना सांगत असते, "थोरला नऊ तासांवर आहे, लेकीच्या गावाला बसने याहून जास्त लागतात." ते मीच तिला सांगितलं होतं. पण नऊ तास नुसत्या विमानाचे. रजेवर साहेबाची सही, तिकीट, मधल्या विमानतळावर ताटकळणं, मग बस, असं धरून आपल्या उंबऱ्याशी यायला तीन दिवस लागतात.

बाबांच्या वेळी तू "थोडा ताप आहे" म्हणालास. मला घोर नको म्हणूनच म्हणालास. मी आलो तेव्हा खाट रिकामी होती.

फोनवर हे बोलता येत नाही, आई शेजारीच कान देऊन बसते. परवा तिचा आवाज फार खोल गेलेला वाटला. जेवते का? डॉक्टर काय म्हणाले?

वेळ आली तर नुसतं "दादा, ये" म्हण. मी कारण विचारणार नाही. खेप फुकट गेली तर देवाचे आभार मानीन. पण तीन दिवस आधी म्हण.

आईला मात्र नऊच तास सांगत जा.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
दादा