अठरा बाह्या आणि अर्जदाराची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्या मागची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला जातो. मला कोणी भरीस घातलेले नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितले ते नीट ऐकून घेतले आहे, म्हणून उशीर करत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दुकान आणि मागची खोली दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावी. सात वर्षे ती माझ्याशेजारी बसून शिकली. मागचे दार कडी उचलून मगच ढकलावे. भांडून ते उघडत नाही.

२. जाड कापड शिवायचे यंत्र भाचीला. लहान यंत्र काज-बटण करणाऱ्या शेजारणीला. गेली बारा वर्षे ते तिच्याकडेच उसने आहे. परत करण्याची कटकट मिटली.

३. अठरा बाह्या. याबद्दल थोडे लिहावे लागेल.

आमच्या गावाबाहेर विमानतळ आहे. धावपट्टी झाली, इमारत झाली, काचा बसल्या, फीत कापली गेली. प्रवासी विमान मात्र आले नाही. तिथल्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असते. विमानतळाचे कार्यालय तिला वातसूचक म्हणते. मी बाही म्हणते, कारण ती बाहीसारखीच बेतावी लागते, खांद्याकडे रुंद, मनगटाकडे अरुंद. उन्हाने कापड विरते, म्हणून दर सहा महिन्यांनी नवी लागते. नऊ वर्षे मी त्या शिवल्या. पुन्हा माप घ्यायचा कंटाळा, म्हणून कार्यालय जुनी बाही नमुन्याला पाठवी आणि परत मागायला विसरे. प्रत्येकीच्या आतून मी महिना आणि वर्ष टाक्यांनी घातले आहे. ही माझ्या वडिलांची शिस्त.

नवव्या वर्षी मी तिथल्या साहेबांना विचारले, विमान कधी येणार? ते म्हणाले, "बाई, तुम्ही बाही शिवा."

ते मला लागले. मी न्यायालयात अर्ज केला.

कार्यालयाने प्रतिज्ञेवर लिहून दिले की, विमानतळ नऊ वर्षे बंद आहे, देखभाल होत नाही, तो सुरू करणे अशक्य आहे. त्यांच्या वकिलांनी मला विचारले, "यात तुमचं काय अडलंय?"

मी म्हटले, "साहेब, नऊ वर्षं मी एका न येणाऱ्या गिऱ्हाइकाचे कपडे शिवतेय. एकदा तोंड तरी बघू द्या."

न्यायाधीशबाईंनी बाह्या आणायला सांगितल्या. पुढच्या तारखेला मी आणि भाचीने पेटी उघडून त्या एकापुढे एक मांडल्या. त्यांच्या टेबलापासून दारापर्यंत पोचल्या. शेवटच्या दोन बाहेर व्हरांड्यात गेल्या. प्रत्येकीवर कार्यालयाचे पत्र ठेवले होते. मजकूर अठराही पत्रांत एकच: विमानतळ वापरासाठी सज्ज असल्याने वातसूचक तातडीने बदलावा. न्यायाधीशबाई खुर्चीवरून उठल्या आणि टाके वाचत दारापर्यंत चालत गेल्या. तिथून वळून त्यांनी कार्यालयाच्या वकिलांना विचारले, "बंद होता ना? मग वारा कोणाला दाखवत होतात?"

त्याच तारखेला विमानतळ सुरू करण्याचा हुकूम झाला.

त्यानंतरही दोन वर्षे गेली. परवाना आला, अग्निशमनाची गाडी आली, मग विमान आले. आठवड्याला तीन. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस माणसे उतरली. मी मोजली.

बाह्या भाचीने पेटीत ठेवाव्यात, धुवू नयेत. त्यातली एक भिंतीवर लावायला कार्यालयाने तोंडी मागितली आहे. त्यांनी ती लेखी मागावी.

४. बँकेतली ठेव या अर्जाच्या कामासाठीच वापरावी: नकला, प्रवास, माझ्या वकीलबाईंची फी. वकीलबाईंनी आतापर्यंत माझ्याकडून फक्त काळे कोट शिवून घेतले आहेत. तीन.

५. दादा. त्याच्या सहा गाड्या इथल्या माणसांना सात तासांच्या रस्त्याने मोठ्या विमानतळावर नेत. त्याने माझ्याविरुद्ध प्रतिज्ञेवर लिहून दिले की, इथून विमानाने जाणारे कोणी नाही. वकीलबाईंनी त्याच्याच गाडीमागची पाटी वाचून दाखवली: मोठ्या विमानतळासाठी रोज सहा गाड्या, जागा आठ दिवस आधी राखावी. घरी येऊन तो म्हणाला, "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास." मी म्हटले, "पाय नाही दादा, विमान आणतेय." तो चार वर्षे बोलला नाही. आता त्याच्या सहाही गाड्या आमच्याच विमानतळाच्या दारात उभ्या असतात, आणि तो म्हणतो, "तू मला आधी नीट समजावून सांगायचं होतंस."

त्या प्रतिज्ञापत्राची न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल मी दादाला देत आहे. चौकटीसह.

६. कार्यालयाच्या वकिलांचा कोट उजव्या काखेत उसवला आहे. हात वर करून हरकत घेतात तेव्हा सहा वर्षे मला तो दिसतो आहे. भाचीने तो एकदा फुकट शिवून द्यावा.

७. अर्जदाराची जागा. हे कलम मी महिनाभर कोरे ठेवले होते. आज भरते.

न्यायालयाच्या हुकुमात एक अट आहे. विमान सुरू झाल्यावर दोन वर्षांनी फेरतपासणी होईल आणि अर्ध्याहून कमी जागा भरत असतील तर कार्यालय सेवा थांबवायची परवानगी मागू शकेल. त्या वेळी हरकत घ्यायची मुभा फक्त अर्जदाराला आहे, आणि अर्जदार मी एकटी. मागच्या तारखेला मी व्हरांड्यात खांबामागच्या बाकावर बसले होते. कार्यालयाचे वकील त्यांच्या साहेबांना सांगत होते, "घाई कशाला? म्हातारी गेली की अर्ज गेला."

मला मरायची हरकत नाही. माझ्याबरोबर विमान गेलेले चालणार नाही. ही जागा मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून भाचीला अर्जदार करून घ्यावे, असा दुसरा अर्ज केला.

गेल्या गुरुवारी तो सुनावणीला आला. वकिलांनी हात वर केला. "ही मुलगी कोण? हिचा संबंध काय?"

भाची म्हणाली, "एकोणिसावी बाही मी शिवलीय. मधली वर्षं तुम्ही दुसरीकडून शिवून घेत होता, त्यातली शेवटची आठवड्यात उसवली."

न्यायाधीशबाईंनी विचारले, "अर्जदार व्हायला आणखी कोणी आहे?"

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिले. विमानाने ये-जा करणारी एक परिचारिका उभी होती, फुलांच्या पेट्या पाठवणारे दोघे भाऊ, मुलीला शिकायला पाठवलेला सुतार, आणि त्यांच्यामागे आणखी. एकूण तीस जण. मी कोणालाही बोलावले नव्हते. न्यायाधीशबाईंनी भाचीसकट सगळ्यांची नावे अर्जदार म्हणून लिहून घ्यायला सांगितली.

तेव्हा नोंद असावी की मी धरून आता बत्तीस अर्जदार आहेत. कार्यालयाने वाट पाहायची तर खुशाल पाहावी. भाची एकोणतीस वर्षांची आहे.

८. माझ्यामागे दुकान एक दिवस बंद ठेवावे. दोन नाही, विसावी बाही या महिनाअखेर द्यायची आहे.

सही करण्यापूर्वी एक दुरुस्ती. दादाला साक्षीदार व्हायचे होते. वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्याने विचारले, "मला काय मिळतंय?" त्यांनी कलम पाच वाचून दाखवले. त्याने टेबलावरचे पेन उचलले. मग म्हणाला, "ते राहू दे. मी सहीच करतो."

सबब कलम पाचमधली देणगी रद्द समजावी.

स्थळ: दुकान, कापड बेतायचे टेबल.
दिनांक चौदा, मंगळवार, सकाळचे विमान उतरल्यावर.

सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार एक: डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत. नाडी पाहत असताना माझ्या शर्टाची कॉलर कुठे चुकली ते त्यांनी दाखवून दिले.

साक्षीदार दोन: सख्खा भाऊ, धंदा गाड्या. सगळे वाचून सही केली. देणगी रद्द झाली तरी कलम पाचमधला मजकूर खरा आहे. आज सकाळच्या विमानात एकही जागा रिकामी नव्हती. हे मी प्रतिज्ञेवर लिहून द्यायला तयार आहे.