पाहुण्याला आत घ्या

सोमवार, ३ मार्च
आलो एकदाचा. बंगला अगदी किनाऱ्यावर, पांढराशुभ्र, खिडकीतून अख्खा समुद्र. या सागरी उद्यानाचा कारभार आता माझ्या गळ्यात: कासवांची घरटी, पक्ष्यांची बेटं आणि तंबू ठोकून पोहायला येणारी हौशी मंडळी. एकाला जपावं तर दुसरा रुसतो. आल्या आल्या फरशी फिनाईलने दोनदा पुसली. बायको म्हणते, मी साबणाशीच लग्न करायला हवं होतं. ती आणि आमची लेक चिमी शनिवारी येणार. चिमीला कासवाची पिल्लं दाखवायचं कबूल केलंय.

बुधवार, ५ मार्च
सकाळी वायरलेसवर वनरक्षक म्हणाला, साहेब, किनाऱ्यावर पाहुणा आलाय, काय करू. मला वाटलं, तपासणीवाले साहेब लवकर टपकले. गडबडीत सांगून टाकलं: आत घ्या, माझ्याच घरी उतरवा, काही कमी पडू देऊ नका.

दुपारी उलगडा झाला. समुद्राने टाकलेल्या मेल्या धुडाला इथे पाहुणा म्हणतात. त्याच्याजवळ अवाक्षर काढायचं नाही, दोर बांधायचा आणि ओहोटीला परत ढकलायचं, ही इथली रीत. नवखा साहेब म्हणून वनरक्षकाने मला तिथूनच विचारलं आणि माझा आवाज बरोबर त्या धुडावर घुमला. कोणतं जनावर होतं, त्याला सांगता येईना. कातडी होती म्हणे, तोंड नव्हतं. तो दोर घेऊन परतला तेव्हा जागा रिकामी. वाळूवरून एक बुळबुळीत पट्टा माझ्या पायरीपर्यंत आलेला.

कोल्ह्यांनी ओढलं असेल, असं मी हसून म्हणालो. पायरी घासताना मात्र शिसारी आली. ब्रशला चरबी लागली आणि चरबीत केस होते.

गुरुवार, ६ मार्च
घरात कुजका वास. कपाटं ओढली, मोऱ्या उपसल्या, काही नाही. नळाच्या पाण्यावर पिवळा तवंग. चहाचा घोट तोंडात गुळगुळीत फिरला, तिथेच थुंकलो. वनरक्षक उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार नाही. म्हणाला, तुम्ही बोलावलंत, आता तुम्हीच समोर उभं राहून निघ म्हणा. पण समोर कुणाच्या?

शुक्रवार, ७ मार्च
उशी ओली, तेलकट. तिच्यावर खळगा, माझ्या डोक्याहून मोठा. पोटातलं सगळं ओकून काढलं. घरभर ‘निघ आता’ म्हणत फिरलो, स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात मोरीतून कुणीतरी म्हणालं, काही कमी पडू देऊ नका.

माझ्याच आवाजात.

शनिवार
बायकोला फोन लावला, येऊ नका म्हणायला. त्या निघाल्यासुद्धा. म्हणाली, काल तूच तर फोन केलास, लवकर या म्हणून. मी नाही केला. परत फिरा म्हणेपर्यंत फोन हातातून निसटला — चरबीने — फुटला —

दुपार
दाराची कडी धरवत नाही. बोटं घसरतात. खिडक्यांवर आतून काहीतरी साकळलंय, जाड, उबदार. हात लावला तर आकसलं — शी —

गाडी थांबली. चिमी बाबा, बाबा करत पायऱ्या चढतेय. मी ओरडतोय, पळ, पण माझ्याहून मोठ्याने, माझ्याच आवाजात, अगदी लाडाने — ये चिमे, आत ये, आत —