शेवटच्या पानातली बाई

बाई, इथे आखातात, बुदैया गावातल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही हातात दिलेला त्या फ्रेंच कादंबरीचा अर्धा अनुवाद, त्या वह्या, समोर आहेत. उरलेला अर्धा मी केला. प्रकाशक मिळालाय आणि उद्या सगळं तुमच्या पुतणीला पाठवायचंय.

तुमची ती फ्रेंच लेखिका मला कधीच आवडली नाही, पण तेव्हा सांगायची छाती नव्हती. कादंबऱ्यांनी तिचं नाव झालं, मग दुसऱ्यांनी त्यांवर काढलेले सिनेमे बघून ती चिडली आणि पन्नाशीत स्वतःच कॅमेऱ्यामागे उभी राहिली. शूटिंग स्वतःच्याच घरात, रिकाम्या खोल्या आणि वर तिचाच आवाज. तुम्ही तो सिनेमा दाखवलात तेव्हा अर्धा वर्ग झोपला होता. मी जागी राहिले ती तुमच्या धाकाने. मग रविवारी तुमच्याकडे, पोहे परतता परतता, तुम्ही मला एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लावायचात. भांडी घासणाऱ्या मावशींचा हात थांबला तरच ते वाक्य वहीत जायचं. एकदा मी पदरचा एक हळवा शब्द घातला. तुम्ही उलथनं खाली ठेवलंत. "दुःख तिचं आहे. तू त्यात साखर घालू नकोस."

इथे मावशी नाहीत, म्हणून लेकीला वाचून दाखवते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिच्या बाबांनी यंदाही काँट्रॅक्ट वाढवलं. आता दोनच वर्षं, म्हणाले. तेरा वर्षं हेच ऐकतेय. इथल्या सीफ भागातली नोकरी मी लेक झाल्यावर सोडली, व्हिसा नवऱ्याच्या नावावर, आणि परत जायचं म्हटलं की हिच्या शाळेचं वर्ष आडवं येतं. मला कोणी कोंडलेलं नाही. गाडीची किल्लीसुद्धा माझ्याकडे असते. तरी जीव गुदमरतो, बाई.

परवा शेवटचं प्रकरण वाचलं. त्यातली बाई नवऱ्याच्या घरात बसून राहते, दार सताड उघडं असतं आणि ती उठत नाही. लेकीची पेन्सिल थांबली.

"व्हाय डझन्ट शी जस्ट गो, आई?"

लेखिकेनं तसंच लिहिलंय, असं मी सांगितलं.

"ओके. बट यू आर क्रायिंग."

हे पत्र वह्यांत ठेवणार होते, पण पुतणी वाचेल, म्हणून फाडून टाकीन. त्याआधी तुम्हाला सांगते. मूळ पुस्तकात ती शेवटपर्यंत उठत नाही. मी तिला उठवलंय, पायात चपला घालायला लावल्यात आणि फाटकाबाहेर काढलंय. उद्या तेच पान जाणार आहे.